सही कुठंय?

सोसायटीच्या तक्रारपेटीत परत तीच चिठ्ठी! 'तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोघांमुळे मुलांवर वाईट संस्कार होतात.' अक्षर मुद्दाम डाव्या हाताने काढल्यासारखं, खाली 'एक हितचिंतक'. वर्षातली ही तिसरी. गळक्या टाकीबद्दल लिहिताना बरं फ्लॅट नंबरासकट सही ठोकतात!

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्ध नवतेज जोहर, रितू दालमिया वगैरे पाच जण 2016 साली स्वतःच्या नावानिशी सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा असे संबंध म्हणजे गुन्हाच होता. अहो, हे कलम राहावं म्हणणाऱ्या सुरेशकुमार कौशल यांनीसुद्धा अपिलावर नाव घातलं होतं. मला एक अक्षर पटलं नाही, पण माणूस समोर तरी होता. आमचे हितचिंतक जिन्यात त्याच पोरांना 'काय, झालं का जेवण?' विचारत असणार.

पुढच्या सभेत चिठ्ठी वर धरून विचारणारच आहे, अक्षर कुणाचं? बघू कोण खाकरतंय.