मेणच आहे म्हणे

आज ओल्ड गोव्याहून आलो आणि अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितोय. लांबेल, वेळ असेल तर वाचा.

24 नोव्हेंबरपासून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, म्हणजे आमच्या गोंयच्या सायबाच्या, नोव्हेना चालू आहेत, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना. त्या नऊ दिवसांतला एक दिवस मी दरवर्षी जातोच. पहाटे सावंतवाडीतून बाईक काढायची, बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत आठ-साडेआठला बॉं जेझूसच्या समोर, सायबाचं शव जिथे ठेवलंय त्या चर्चच्या. मांडवात कोंकणीतून मिस, म्हणजे चर्चची प्रार्थना, चालू असते, मागे उभं राहायचं, मग आत जाऊन सायबाला हात जोडायचे, बाहेर येऊन खाजं घ्यायचं आणि परत. माझं एवढंच असतं. आज ते खाजंही घेतलं नाही.

बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका बसतात ना, त्यांच्याकडे मेणाचे हात, पाय, डोळे, घर, तान्हं बाळ असं सगळं टांगलेलं असतं. ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवंय, ते सायबाकडे न्यायचं. तिथे पाच-सहा जणांचा ग्रुप, मराठी बोलणारा, आपल्याचकडचा, त्याचं जास्त वाईट वाटलं. त्यातल्या एका मुलीने मेणाचा हात उचलून आपल्या शर्टाच्या बाहीत घातला आणि तो हलवत नाचायला लागली, दुसरा मोबाईल धरून. रील. एकदा झालं, मग "परत, परत, लाईट नाही आला". तिसऱ्या वेळी त्या हाताची दोन बोटं तुटून खाली पडली. हसले सगळे. हात तसाच टोपलीत टाकला आणि निघाले. विकणारी बाई साठ-पासष्टची असेल, ती काही बोलली नाही, वाकून ती दोन बोटं उचलली आणि बाजूच्या डब्यात ठेवली.

मी म्हटलं, अरे निदान पैसे तरी द्या त्यांचे. तर त्यातला एक म्हणतो, "काका, चिल. मेणच आहे."

मेणच आहे!

आता मी तुम्हाला एका मेणाच्या पायाचं सांगतो. 1994. मी आठ वर्षांचा. काजीच्या झाडावरून पडून डावा पाय मोडलेला, प्लास्टर काढलं तरी पाय सरळ पडेना, टाच टेकवली की कळ जायची. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. आजीने डॉक्टरचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन सायबाला नवस बोलली. घरात देव्हारा, गावात वेतोबा, वर्षाला पंढरपूरची माळ घातलेला सख्खा भाऊ, आणि नवस गोंयच्या सायबाला. कोणी विचारलंसुद्धा नाही, असं का. आमच्याकडे ते विचारायची पद्धतच नव्हती.

त्या वर्षी सायबाचं शवप्रदर्शन होतं, दहा वर्षांनी येतं ते. कोकण रेल्वे तेव्हा झालेली नव्हती. एसटीने पणजी, तिथून दुसरी बस, आणि मग रांग. आजी अनवाणी. बाहेर घेतलेला मेणाचा पाय पेपरात गुंडाळून पदराखाली धरलेला, मी दुसऱ्या हाताला. रांग दोन-तीन तास तरी असेल, ऊन डोक्यावर. से कॅथेड्रलच्या जवळ आलो तेव्हा आजीने पेपर उघडून बघितलं तर पाय उन्हाने मऊ होऊन घोट्यात वाकलेला. माझा होता तसाच, वाकडा. आजीचा चेहरा मला अजून दिसतो. "असो वाकडो पाय सायबाक कसो देवचो?" एवढंच पुटपुटली आणि डोळ्याला पदर लावला.

मागे फुलाफुलाचा झगा घातलेली एक म्हातारी किरिस्तांव बाई होती. तिने हात पुढे केला. "दी हांगा बाये, हांव सारको करतां." आणि तो पाय दोन्ही तळव्यांत धरून, जराही घाई न करता, अंगठ्याने दाबत दाबत घोटा सरळ केला. मग त्यावर आपल्या गळ्यातला क्रूस टेकवला आणि आजीला परत दिला. दोघींची ओळख नाही, पाळख नाही. पुढचा सगळा वेळ दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या, एक मालवणीत, एक कोंकणीत.

हां, तर मेणच होतं ते पण.

मग आत गेलो आज. आतही तेच. वर चांदीची पेटी, खाली संगमरवरी चौथरा, आणि एक माणूस व्हिडिओ कॉलवर मोठ्याने, "बघ बघ, हीच ती डेड बॉडी, वर आहे, दिसत नाही नीट." अरे, ती पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवलीय सतराव्या शतकात. खालचा चौथरा फ्लॉरेन्सहून आला, 1698 ला इथे बसवला. आणि आत आहे तो माणूस 1506 साली नाव्हारमध्ये जन्मला, 1542 ला गोव्यात उतरला आणि पुढच्या दहा वर्षांत मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान फिरून 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर तापाने गेला. चीन समोर दिसत होता, पाय लागला नाही. शेहेचाळीस वर्षांचा होता. मांस लवकर झडून हाडं नेता यावीत म्हणून पेटीत चुना घातला, तरी शरीर तसंच राहिलं आणि 1554 ला गोव्यात आलं. मानायचं त्याने मानावं, नाही त्याने मानू नये. पण समोर गुडघ्यावर बसलेली बाई रडतेय आणि तू तिच्या डोक्यावरून हात लांब करून मोबाईल धरतोस?

मी लहानपणी रांगेत बडबड करत होतो तर आजीने दंड दाबला होता. "हळू बोल रे झिला, सायब निजलो आसा." बस. एवढ्यात गप्प झालो मी. निजलेल्या माणसाशेजारी आवाज करायचा नसतो हे कळायला कुठलाही धर्म लागत नाही.

आता काहीजण खाली येऊन लिहिणार, इन्क्विझिशनचं काय? माहितीय मला. धर्मावरून माणसांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय ते. ते गोव्यात आणा म्हणून याच झेवियरने 1546 ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं होतं, तो गेल्यावर 1560 ला ते आलं आणि कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं. लोकांनी रातोरात देव उचलून नदीपार नेले, मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आला तो असाच. हे खरं आहे, आणि ते कमी करून सांगायची माझी इच्छा नाही. पण मला हे ऐकवणाऱ्यांना एक विचारतो, ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी ते भोगलं, त्याच घरांतल्या म्हाताऱ्या तेल घेऊन म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला का जातात? ईस्टरनंतर पंधरवड्याने येणारा सोमवार, जाऊन बघा एकदा. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण सख्ख्या बहिणी, सात बहिणींतल्या, असं तिथला हिंदूही सांगतो आणि किरिस्तांवही सांगतो. त्यांनी विसरून नाही केलं हे. सगळं आठवत असताना केलंय. माझी आजी अडाणी होती पण भाबडी नव्हती हो.

पर्यटक आले म्हणून चार घरं चालतात, बरोबर आहे, मेणबत्त्यावालीचं पण चालतं. मान्य. पुढे?

मला तर वाटतं ज्यांना फक्त फोटो हवेत त्यांना खरी जागा सापडतच नाही. सांकवाळला कोण जातं सांगा. जुझे वाझ, बाणावलीला जन्मलेला, आपल्या मातीतला माणूस. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्रींना बंदी केलेली असताना 1687 ला मजुराच्या वेषात, भीक मागत तिथे शिरला आणि 1711 ला तिथेच कँडीत वारला, परत गोव्याला आलाच नाही. 2015 ला पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्याला संत जाहीर केलं. सांकवाळला त्याचं देवस्थान आहे, मी गेलो तेव्हा एक जोडपं आणि झाडणारा माणूस, एवढेच होतो आम्ही. अर्धा तास बसलो. असो, विषय दुसरीकडे गेला.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ती मुलगी वीस-बावीसची असेल. तिला कोणी अशा रांगेत उभं केलंच नसेल, कोणी दंड दाबून हळू बोल म्हटलं नसेल. मीही तिला नीट समजावून सांगायला हवं होतं, पैशाचं बोललो आणि तिथेच घोळ केला, पैसे हा मुद्दाच नव्हता. बाईने टोपलीत हात लटकवलेला असतो तो कोणाच्या तरी लुळ्या पडलेल्या हाताचा असतो, एवढं सांगितलं असतं तर कदाचित ठेवला असता तिने नीट. कदाचित.

ते गेल्यावर मी त्या बाईला तुटका हात विकत मागितला. नाही दिला. "असूं दी बाब," म्हणाली, मोडलेलं सायबाला चालत नाही, घरी नेऊन वितळवणार आणि परत साच्यात घालणार. मग मी पाय घेतला, आईच्या गुडघ्यासाठी, यंदा तिला जिने चढवत नाहीत. तिने तो पेपरात गुंडाळला आणि स्वतःहून म्हणाली, उन्हात धरू नको, वाकतो.

परवा 3 तारखेला फेस्त आहे. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी मांडवात उभं राहायलाही जागा नसते. आणि मेणबत्त्या घेताना भाव करू नका.