जलपर्णी ही नदीची किडनी नव्हे

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो: ‘जलपर्णी म्हणजे नदीची किडनी. शिसं, कॅडमियम असे जड धातू ती शोषते. धातू जास्त तितकी ती जोमात. म्हणून काढू नका, काढलीच तर खत करा.’ यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्या जिवावर बाकीच्या खपतात. जलपर्णी धातू शोषते, हे खरं.

पण धातूंवर ती फोफावते, हे साफ चूक. ती पोसते नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, म्हणजे आपल्या मैलापाण्यावर. तांबं, जस्त तिला किंचित लागतं. जास्त झालं की तेही बाधतं. कॅडमियमची तर गरजच नाही. ते वाढलं की पानं पिवळी पडतात, मुळं खुरटतात. मागच्या उन्हाळ्यात पवनेच्या काठावर मी एक रोप उपसून पाहिलं. तुकतुकीत हिरवी पानं, स्पंजासारखे फुगलेले देठ, खाली पिसांसारखी काळपट जांभळी मुळं. खाऊनपिऊन माजलेलं रोप होतं ते! पाण्यात धातू नाहीत असा याचा अर्थ नाही. तिची वाढ रोखण्याइतके नाहीत, एवढंच. धातू किती, हे पाणी आणि गाळ तपासूनच कळतं.

आता किडनी. किडनी घाण शरीराबाहेर टाकते. जलपर्णी शोषलेले धातू बहुतांशी मुळांत साठवते आणि जागेवरच कुजली की ते पुन्हा नदीत. शिवाय नदीतले बरेचसे धातू गाळात बसतात, आणि तरंगत्या रोपाची मुळं खोल पाण्यात गाळापर्यंत पोचतच नाहीत. वर हिरवी गोधडी पसरली की खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. म्हणजे ती काढायलाच हवी, तीही कुजण्याआधी. काढून काठावर ढीग लावला तर पहिल्या पुरात तो परत पाण्यात जातो.

खताचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ताज्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. ते उडून जातं, पाला कुजतो, धातू मात्र कुजत नाहीत. उरलेल्या मूठभर खतात ते एकवटतात. स्वच्छ तळ्यातल्या जलपर्णीचं खत खुशाल करा. कारखान्यांचं पाणी मिसळतं त्या पट्ट्यातली असेल, तर खत प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात घालू नका. पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात.