शिसे, डाउनथ्रस्ट आणि थ्रॉटलनंतरचा पहिला सेकंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तिचा आशय थोडक्यात असा, की रेडिओवर चालणारे मॉडेल विमान नीट वागत नसेल तर आधी सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर विमान तोलते तो) तपासावा हे माझे म्हणणे वाचून आपण नाकात ६० ग्रॅम शिसे भरले, तरीही पूर्ण थ्रॉटल (मोटरची शक्ती) दिल्यावर विमान नाक वर करून स्टॉल होते, म्हणजे पंखांचा आधार सुटून पडते, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्तच. तेव्हा सीजीचे पुराण थांबवून मी सरळ डाउनथ्रस्ट द्यायला, म्हणजे मोटर किंचित खाली झुकवायला, सांगावे आणि त्याच्या अंशांचे कोष्टक छापावे. शिवाय हातातून सोडून करायची ग्लाइड चाचणी कालबाह्य आहे, आणि विमान डावीकडे कलते त्याविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नाही, असाही आपला आक्षेप आहे. आपण मोजमापे दिलीत हे उत्तम केलेत; नुसते ‘उडत नाही हो’ एवढेच लिहिणाऱ्याला सल्ला देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे असते.

आता त्या मोजमापांकडेच पाहू. फोमबोर्डचे, वर पंख असलेले ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान. पंखविस्तार १२०० मिमी, पंखाची रुंदी २०० मिमी, शिशासह वजन ९०० ग्रॅम. म्हणजे दर चौरस डेसिमीटरला साधारण ३७ ग्रॅम भार पडतो, आणि घरी बनवलेल्या ट्रेनरला तो काही जड नव्हे. आज आपला सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून ४० मिमीवर, म्हणजे रुंदीच्या २० टक्क्यांवर आहे. शिसे मोटरच्या पाटीला लावले आहे आणि ती पाटी सीजीपासून सुमारे २५ सेंमी पुढे आहे, असे आपण लिहिता. ६० ग्रॅमला २५० मिमीने गुणून ९०० ने भागले, तर सीजी जवळपास १७ मिमी पुढे सरकला असे निघते. याचाच अर्थ शिसे भरण्यापूर्वी तो ५७ मिमीच्या आसपास, म्हणजे २८ ते २९ टक्क्यांवर होता. अशा ट्रेनरला २५ ते ३३ टक्के हा सर्वमान्य पट्टा आहे. आपले विमान मुळात तोलात होते. सीजी तपासा म्हणजे मोजा. मोजमाप पट्ट्याच्या मागे गेले तरच शिसे, असे मी लिहिले होते.

शिशाने दोष का वाढला, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. नाक जड झाले की सपाट उडण्यासाठी एलिव्हेटरला (शेपटीवरच्या वर-खाली वळणाऱ्या आडव्या पट्टीला) वरचा ट्रिम द्यावा लागतो, म्हणजे तो कायमचा थोडा वर वळवून ठेवावा लागतो. आपणही तो ४ मिमी दिला आहे. नाकातल्या वजनाचा ओढा वेग काहीही असला तरी तेवढाच राहतो, पण वर वळलेल्या एलिव्हेटरमुळे शेपटीला खाली दाबणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका विशिष्ट वेगाला दोन्ही जुळतात आणि विमान सरळ जाते. वेग वाढला की शेपटी जिंकते आणि नाक वर येते, वेग घटला की वजन जिंकते आणि नाक खाली पडते. पूर्ण थ्रॉटल म्हणजे वाढता वेग. तेव्हा आपण नाकात जे भरले, त्यानेच नाक वर उचलले.

गोव्यातल्या मांद्र्याच्या किनाऱ्यावर दुपारी उडवता, असेही आपण लिहिता. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत दुपारचा वायव्येचा खारा वारा पाण्यावरून येत असल्यामुळे तसा गुळगुळीत असतो, परंतु जमिनीलगत मंद आणि वर जोरात असतो. वाऱ्याच्या तोंडावर विमान चढू लागले की त्याच्या पंखांना मिळणारा वेग उंचीबरोबर वाढतो, आणि असा वरचा ट्रिम असलेले विमान आणखी नाक उचलते. परीक्षणाची उड्डाणे सकाळी लवकर, माडांपासून दूरच्या मोकळ्या शेतात किंवा सड्यावर (खडकाळ पठारावर) करावीत. (किनाऱ्यावर उडवणाऱ्यांनी मोटरच्या चुंबकांना चिकटलेली काळी वाळूही अधूनमधून ब्रशने काढावी, तिच्यामुळे बेअरिंग खराब होऊन सुरू झालेली थरथर लोक प्रॉपेलरच्या माथी मारतात.)

तरीही आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. वर पंख असलेल्या विमानात हवेचा बराचसा अवरोध मोटरच्या रेषेच्या वर असतो, त्यामुळे शक्ती वाढवताच नाक वर ढकलले जाते आणि दोन-तीन अंश डाउनथ्रस्ट बहुधा लागतोच. शिशापूर्वीचा आपला मूळ दोष तोच असण्याचा संभव मला मोठा वाटतो. मात्र हा दोष आणि ट्रिमचा दोष यांत फरक करता आला पाहिजे. त्यासाठी अर्ध्या थ्रॉटलला विमान सपाट ट्रिम करावे, भरपूर उंचीवर न्यावे, आणि थ्रॉटल एकदम पूर्ण करून पहिल्या सेकंदाकडे लक्ष द्यावे. वेग वाढण्याआधीच नाक झटक्याने उचलले, तर दोष मोटरच्या कोनात आहे. नाक आधी स्थिर राहून, वेग चढल्यावर हळूहळू वर येऊ लागले, तर दोष सीजी, एलिव्हेटरचा ट्रिम किंवा पंख व शेपटी यांच्यातला कोन यांत आहे. आपण ‘थोडे पुढे जाऊन मग उभे राहते’ असे लिहिले आहे. त्यातला ‘मग’ माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण तो या दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतो.

याला जोडून थ्रॉटल पूर्ण बंद करून, उंचीवरून तीसेक अंशांचा सूर मारून रिमोटवरची स्टिक सोडून पाहावी. विमान सावकाश वर आले तर ठीक, झपकन उसळले तर नाक जड, आणि सूर आणखी खोल होत गेला तर शेपूट जड. या शेवटच्या वेळी स्टिक ताबडतोब हातात घ्यावी. आज डाउनथ्रस्ट दिलात तर मोटर चालू असताना दोष झाकला जाईल, पण या सुरात मोटर बंदच असते, आणि विमान उसळायचे ते उसळेलच.

म्हणून दहा-दहा ग्रॅम शिसे काढत, प्रत्येक वेळी एलिव्हेटर पुन्हा ट्रिम करत, सीजी ५५ मिमीपर्यंत मागे न्यावा. पंख आणि शेपटी यांतला कोनही पाहून घ्यावा : २०० मिमी रुंदीला पुढची कड ७ मिमी उंच म्हणजे दोन अंश, त्याहून फार जास्त नको. एवढे करूनही पहिल्या सेकंदाला झटका उरला, तर मोटरच्या वरच्या स्क्रूंखाली वॉशर घालावेत. स्क्रूंमधले अंतर २५ मिमी असेल, तर १ मिमीचा वॉशर सुमारे २.३ अंश देतो.

ग्लाइड चाचणीबाबत आपल्याशी माझा फारसा वाद नाही. एवढ्या वजनाच्या विमानात फेकण्याचा जोर कमीजास्त झाला की निष्कर्षही बदलतो.

डावीकडे कलण्याचे मात्र दोन प्रकार आहेत. थ्रॉटल बंद करताच कल थांबला, तर तो प्रॉपेलरचा परिणाम आहे, आणि डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली पातळ वॉशर घालून मोटर किंचित उजवीकडे वळवल्याने तो जातो. थ्रॉटल बंद असतानाही कलत असेल, तर विमान मागून, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे. डाव्या पंखाची मागची कड टोकाकडे वर गेलेली दिसली, तर पंखाला पीळ आहे. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणाने फोमबोर्डचा कागद फुगून हे सर्रास होते. पिळाचा कल वेगाबरोबर वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्येक उड्डाणाला ट्रिम बदलावा लागतो, असे आपण ओझरते लिहिले आहे, त्यावरून सर्व्होचा (एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) संशय येतो. स्टिक वर नेऊन सोडावी आणि एलिव्हेटर कुठे थांबतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. मग खाली नेऊन सोडावी. दोन खुणांत मिलिमीटरभरही अंतर पडत असेल, तर पुशरॉडचे (सर्व्होपासून एलिव्हेटरपर्यंत जाणाऱ्या तारेचे) हॉर्नमधले, म्हणजे एलिव्हेटरवरच्या खुंटीतले, भोक सैल झाले आहे किंवा सर्व्हो मध्यावर परतत नाही, आणि हे दुरुस्त होईपर्यंत वर सांगितलेल्या कोणत्याही चाचणीवर विश्वास ठेवू नये.

अंशांचे कोष्टक मी देणार नाही, कारण पंखाची उंची, प्रॉपेलरचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) आणि शेपटीची लांबी यांनुसार ते दर विमानाला बदलते. शिसे काढल्यावरचा सीजी आणि तेव्हा एलिव्हेटर किती वर राहतो, हे दोन आकडे मात्र जरूर कळवावेत.