74 ग्रॅम मालातून 90 ग्रॅम पाणी!

काल भाचीचा फोन, एकदम खूश. "मामा, आता मोल काढायचेच नाहीत, ट्रिक मिळालीय!" (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक, डझनसारखं.) मग तो फिरत असलेला मेसेज पाठवला तिने, 'केमिस्ट्रीच्या 4 ट्रिक्स, सर कधीच सांगणार नाहीत'. सर सांगणार नाहीतच, त्यांना नोकरी टिकवायचीय.

ट्रिक 1 : जे वजनाने कमी ते लिमिटिंग रिएजंट.

लिमिटिंग रिएजंट म्हणजे जो पदार्थ आधी संपतो आणि अभिक्रिया थांबवतो तो. बरं, लावून बघू. 10 ग्रॅम हायड्रोजन, 64 ग्रॅम ऑक्सिजन, पाणी बनवायचंय. ट्रिक म्हणते हायड्रोजन लिमिटिंग. एक मोल हायड्रोजन 2 ग्रॅमचा, ऑक्सिजन 32 चा, पाणी 18 चं. म्हणजे 5 मोल हायड्रोजन सगळा संपला, 5 मोल पाणी झालं, 90 ग्रॅम. अरे पण टाकला होता एकूण 74 ग्रॅम माल! वरचे 16 ग्रॅम कुठून आले? खरं काय होतं, तर ऑक्सिजन फक्त 2 मोल आहे, त्याला हायड्रोजन लागतो 4 मोल (एकाला दोन), त्यामुळे आधी संपतो ऑक्सिजनच, पाणी होतं 72 ग्रॅम आणि 2 ग्रॅम हायड्रोजन नुसता पडून राहतो. 72 आणि 2, झाले 74. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने 1789 मध्ये पुस्तकात छापून ठेवलंय की अभिक्रियेआधी जेवढं द्रव्य तेवढंच नंतर, आणि आपण अजून फॉरवर्डमधून 16 ग्रॅम पैदा करतोय.

ट्रिक 2 : मोल दिले असतील तर ज्याचे मोल कमी ते लिमिटिंग.

ही अर्धी खरी आहे, मान्य करतो. हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडसारखं 1 ला 1 प्रमाण असेल तर चालते. पण अमोनियाचं गणित घ्या, 50 किलो नायट्रोजन, 10 किलो हायड्रोजन. मोल साधारण 1786 आणि 5000. ट्रिक 2 म्हणते नायट्रोजन, ट्रिक 1 म्हणते हायड्रोजन, एकाच मेसेजमध्ये! उत्तर हायड्रोजन आहे, कारण एका नायट्रोजनला 3 लागतात, म्हणजे 5357 हवे होते. इथे ट्रिक 1 बरोबर आली ती निव्वळ नशिबाने, आणि अशा एखाद्या गणितामुळेच पोरं फसतात. मोलला समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागा, लहान येईल ते लिमिटिंग. एक भागाकार आहे हो, त्याचा एवढा कंटाळा?

ट्रिक 3 : यील्ड 100 टक्क्यांच्या वर म्हणजे प्रयोग उत्तम.

यील्ड म्हणजे हिशेबाने यायला हवा त्याच्या किती टक्के पदार्थ हाती आला ते. उत्तम कसला, साका (द्रावणातून खाली बसलेला घन पदार्थ) ओला आहे! 2 ग्रॅम यायला हवा होता आणि काटा 2.3 दाखवतोय, तर 115 टक्के लिहून मिरवू नका, वाळवा, परत तोला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. तरी जास्तच आलं तर काहीतरी भेसळ राहिलीय, नाहीतर हिशेबच कुठेतरी चुकलाय.

ट्रिक 4 : यील्ड कमी आलं म्हणजे पदार्थ नष्ट झाला.

नाही. काही फिल्टर पेपरला चिकटतो, काही विरघळून जातो, काही दुसऱ्याच अभिक्रियेत जातो, कधी अभिक्रिया अर्ध्यावरच समतोलाला येते, म्हणजे जेवढं बनतं तेवढंच परत तुटतं. अमोनिया बनवायच्या हेबर पद्धतीत एका फेरीत 15 टक्क्यांच्या आसपासच वायूचा अमोनिया होतो, उरलेला परत आत सोडतात. नष्ट झाला असता तर परत काय सोडलं असतं?