क्रॉसहॅच दिसतंय, म्हणून सिलेंडर ठीक?

एक सल्ला बराच फिरतोय. दोन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन खोललं, सिलेंडरच्या भिंतीवर क्रॉसहॅचच्या, म्हणजे मुद्दाम काढलेल्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा दिसल्या, वरच्या कडेला नख अडकलं नाही आणि खोलण्याआधी कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) बरं होतं, तर मोजत बसू नका. होन मारा (भिंत हलकी घासून नव्या रेघा काढा), पिस्टनला नव्या रिंगा टाका, गाडी पळवा. सल्ला स्वस्तात पडतो, म्हणून आवडतोही.

रेघांचं आधी बघू. त्या टिकतात मध्ये आणि खाली, जिथे मुळात झीजच कमी. पिस्टन वर टोकाला पोचून क्षणभर थांबतो तेव्हा तेलाचा थर तुटतो, आणि जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. म्हणून सगळ्यात जास्त खाल्लेला भाग असतो वरची रिंग थांबते तिथला. तोही सगळीकडून सारखा नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला ज्या बाजूला रेटतो, तिकडे झीज जास्त. म्हणजे सिलेंडर वर रुंद, खाली अरुंद आणि वर थोडा अंडाकृती. खालच्या ठसठशीत रेघांवरून यातलं काय कळणार?

नखाला पायरी कळते, उतार कळत नाही. उलट कधी नुसत्या कार्बनच्या कड्यालाच नख अडकतं आणि धडधाकट ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे सिलेंडर कापून मोठा करायला जातो.

कॉम्प्रेशनचा मुद्दा अर्धा खरा. आकडा पडला तर काहीतरी बिघडलंय, हे नक्की. पण तेल वर चढत असेल तर तेच तेल फटी बुजवतं आणि आकडा छान येतो.

खरा घोळ होनचा. ड्रिलला लावून फिरवायचा बॉल होन आहे त्याच आकाराच्या मागे जातो. उतार जसाच्या तसा, वर फक्त नव्या रेघा. त्यात घातलेली नवी रिंग प्रत्येक फेरीला उघडते-मिटते. 3000 आरपीएमला मिनिटाला 3000 वेळा! वर न झिजलेली कड राहिली असेल, तर नवी रिंग तिच्यावर आपटून तुटूही शकते.

लाखो किलोमीटर झाले म्हणून बोअरिंग हवंच, असंही नाही. बोअर गेजने (सिलेंडरचा आतला व्यास मोजायचं साधन) वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात, अशी सहा मापं घ्या. मॅन्युअलच्या मर्यादेत बसली तर होन आणि रिंगा पुरतात.

बोअर गेज नसेल तर वरची रिंग सिलेंडरमध्ये घाला, पिस्टन उलटा धरून ती सरळ ढकला आणि रिंग गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट, फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजा. एकदा झिजलेल्या वरच्या भागात, एकदा तळाशी. वर 0.60 मिमी आणि खाली 0.29 आला, तर फरक 0.31. त्याला 3.14 ने भागा: व्यासात 0.10 मिमीचा उतार. अंडाकृतीपणा मात्र असा सापडत नाही, त्याला बोअर गेजच लागतो.