डीपीचा सूर पांढरी पाच

परवा दुकानात स्पीकरवर एक ट्रॅक लावला होता. ट्रॅक कसला, एकच लांब सूर. पाच मिनिटं झाली तरी तोच. माझ्या हाताखालचा पोरगा स्टेटरमध्ये वायर भरता भरता उठला आणि बाकावरच्या एकेका मोटारीवर हात ठेवून बघायला लागला. "काय रे?" म्हणलं. "मालक, एखादी चालूच ऱ्हायली वाटतं. एक फेज गेल्यावानी गुणगुणायली."

मला हसू आलं, पण पोराचा कान एकदम बरोबर होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझं परभणीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या, सगळ्या मोटारी येतात. या धंद्यात मीटरच्या आधी कान लागतो. एक फेज गेला की मोटार फिरत नाही, नुसती हुंकारते. बेअरिंग गेलं तर खरखर. रोटर घासायला लागला तर पत्र्यावर कानस फिरवल्यासारखं. शेतकरी तिकडून मोटारीजवळ मोबाइल धरतो आणि मी इथून सांगतो, "बंद करा आधी, जळंल." बावीस वर्षं हेच ऐकतोय. आता माझ्या स्टेटसवरची अल्बमची चित्रं बघून "हे काय ऐकायलास बाबा, नावं तरी सांग" असं चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आपल्याकडं इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणलं की डीजे. दोन वर्षांपूर्वी एक मिरवणूक दुकानासमोर पाऊण तास थांबली होती. शटर थरथरत होतं, रॅकवरचे बेअरिंगचे डबे सरकत सरकत खाली आले. दुसऱ्या दिवशी डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली ती अजून आहे. दिवसा कळत नाही, रात्री सगळं निजलं की ऐकू येते. कानाचे डॉक्टर म्हणाले, अगदी सामसुमीत झोपू नका, उशाशी काहीतरी बारीक आवाज चालू ठेवा. मी या संथ, लांब सुरांच्या संगीताकडं वळलो ते असं, गोळी-औषधाच्या रांगेतून.

पुढं कळलं की ज्या माणसानं या प्रकाराला 'अँबियंट' हे नाव चिकटवलं त्याचंही असंच झालेलं. ब्रायन ईनो १९७५ मध्ये अपघातानंतर खाटेवर पडून होता. मैत्रिणीनं हार्पची जुनी रेकॉर्ड आणून दिली, ती कशीबशी लावली आणि हा परत आडवा झाला. आवाज फारच कमी, त्यात एक चॅनेल बंद, आणि उठून वाढवायची ताकद नाही. बाहेर पाऊस. मग पावसात मिसळलेलं तेवढंच ऐकत पडला, आणि संगीत असंही असू शकतं हे त्याच्या ध्यानात आलं. त्यातून १९७८ ला 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आला. परभणीत विमानतळ नाही, पण चालतं. मी तो वार्निश मारून स्टेटर भट्टीत ठेवले की लावतो. दोन्हीला घाई चालत नाही.

आता मूळ मुद्द्याचं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या कोअरच्या पट्ट्या त्यामुळं फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतात, आणि तोच तो डीपीचा, म्हणजे रस्त्याकडंच्या ट्रान्सफॉर्मरचा, घूं आवाज. आमचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेले, पेटी राहिली. एका रात्री, शेतीची लाइन रात्रपाळीला होती तेव्हा, गावाकडच्या घराच्या ओट्यावर पेटी काढून बसलो. समोर रस्त्यापलीकडं डीपी. भाता मारत एकेक खर्जाची पट्टी दाबून बघितली. पांढरी चार, नाही. काळी चार, नाही. पांढरी पाचवर बोट ठेवलं आणि दोन्ही आवाज एकमेकांत जाऊन बसले. अगदी तंतोतंत नाही, डीपी केसभर चढी. त्या केसभर फरकानं दोन्हीच्या मधे एक हळू डुलणारी लाट उठत होती, वांव-वांव-वांव. पेटी सोडली की लाट बंद. धरली की परत. अर्धा तास मी तेच करत बसलो. बायको दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

हिशोब नंतर केला. खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झ, डीपी १००. म्हणजे सेकंदाला दोन लाटा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला डीपी १२० ला, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठंतरी लटकलेला. बिचारे. तिथल्या ला माँटे यंग नावाच्या संगीतकारानं लहानपणी ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकली ती कायमची कानात धरली, आणि पुढं विजेच्या त्या ६० हर्ट्झलाच वाद्यं लावून तासन्‌तास एकेक सूर वाजवत बसला. हाच माणूस १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य झाला. किराणा, म्हणजे आपल्या भीमसेनजींचं घराणं. डीपीपासून तानपुऱ्यापर्यंत तार सरळ जाते, मधे कुठं जोडसुद्धा नाही.

म्हणून "हे इंग्रजाळलेल्या पोरांचं खूळ आहे" असं कुणी म्हणलं की मला पटत नाही. षड्ज धरून बसायची सवय आपल्याला जन्मापासून. वारकऱ्याच्या एकतारीत दुसरं काय असतं?

नव्यातलं पहिलं नाव आरुषी जैन. शास्त्रीय गाणं शिकलेली मुलगी, वाजवते मॉड्युलर सिंथेसायझर. सिंथेसायझर म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र. मॉड्युलर म्हणजे कपाटभर छोटे डबे आणि त्यांना एकमेकांत जोडणाऱ्या वायरी, आमच्या टेस्टिंग पॅनलचा थोरला भाऊ. २०२४ चा 'डिलाइट' बागेश्रीवर उभा आहे. बागेश्री कुणी गायला तर आपण समेची वाट बघतो. इथं सम नाही, ठेका नाही, कोमल गंधार येतो आणि धुरासारखा खोलीभर पसरतो. रात्री दहानंतर ऐका. आधीचा २०२१ चा 'अंडर द लायलॅक स्काय' दिवेलागणीचा आहे, तो त्याच वेळेला ऐकायचा. मी एकदा दुपारी दोनला ऐकला, मे महिन्यात. अजिबात जमला नाही.

नाला सिनेफ्रो हार्प वाजवते आणि सोबत सिंथेसायझर. तिच्या 'एंडलेसनेस'मध्ये (२०२४) दहा तुकडे आहेत, सगळ्यांचं नाव एकच, पुढं फक्त आकडा. चांगला आहे, पण मधे सॅक्सोफोन फार मोकाट सुटतो असं माझं मत. २०२१ चा 'स्पेस १.८' मला जास्त आवडतो.

यापेक्षा मी ज्यावर जीव टाकतो तो संग्रह नवा असून जुना आहे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला होता. डेव्हिड ट्यूडर नावाचा अमेरिकन संगीतकार तो लावून द्यायला आला होता. चंद्रावर माणूस गेला ते साल. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई अशी मंडळी त्यावर प्रयोग करायची. टेपा पुढं संस्थेतच पडून राहिल्या. पॉल पर्गस यांनी त्या हुडकल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' नावानं बाहेर आल्या. सगळं ऐकायला गोड नाही. काही तुकडे म्हणजे नुसतं बटण फिरवून "हे काय करतंय बघू" असं आहे. पण मला नेमकं तेच आवडतं. नवीन मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणला की मीपण आधी दुकानातल्या सगळ्या वस्तूंना लावून बघतो.

चरणजित सिंग बऱ्याच जणांना माहीत असतील. मुंबईतले सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक, १९८२ मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून मोकळे झाले. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच टीबी-३०३ मधून ॲसिड हाऊस नावाचं नाचायचं संगीत काढलं आणि जग नाचलं. २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. पहिल्यांदा ऐकाल तर कलावती लावा. मालकंस नको, तो जरा घाईत उरकलाय.

आईचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोर टेट नावाचा लंडनचा वादक आहे, आई भारतीय वंशाची. २०१५ च्या 'मॉर्निंग/इव्हनिंग'मध्ये एकेका बाजूला वीस-वीस मिनिटांचा एकच तुकडा. सकाळच्या बाजूला लताबाईंचा आवाज येतो, १९८३ च्या एका हिंदी सिनेमातला, आणि तेवढाच तुकडा फिरून फिरून येत राहतो. मी घरी लावला. आई गवार मोडत बसली होती. लताचा आवाज ऐकून खूश झाली, थोडं ऐकलं, मग म्हणाली, "कॅसेट अटकली का रे? ही बाई पुढं काहून जाईना?" मी म्हणलं, आई, ते तसंच आहे. तिनं अजून चार शेंगा मोडल्या. "बरं मग ऱ्हाऊ दे. मी म्हणलं कुणाचं ध्यान नाही." पूर्ण वीस मिनिटं बसली. गवार संपल्यावर उठली, ती गोष्ट वेगळी.

आणि जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्यांनी जर्मनीकडं पाठ कशी फिरवावी? बर्लिनच्या टँजरिन ड्रीमचा १९७४ चा 'फीड्रा' ऐका. त्यांचा मूग वाजवता वाजवता तापला आणि त्याचे सूर सरकायला लागले, ते तसेच रेकॉर्डमध्ये राहिले. त्या काळचे ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारे भाग, गरम झाले की सूर सोडायचे. आमच्या उन्हाळ्यात तर त्या यंत्रानं पहिल्या मिनिटालाच हात टेकले असते. पोराला हाच सगळ्यात आवडला. आता दुपारी मला म्हणतो, "मालक, ती जर्मनवाली लावा, तापणारी."

ऐकायचं कशावर? महाग काही नको. फक्त मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून खर्ज येतच नाही, सगळा जीव तिथंच असतो. दोन-तीनशे रुपयांचा वायरवाला इअरफोन पुरे. नाहीतर माळ्यावरच्या टेपचे स्पीकर काढा, कोन फाटला असला तर दुकानात आणा, चिकटवून देतो. आवाज इतकाच ठेवा की पंखा ऐकू आला पाहिजे.

तुमच्याकडंही नावं असतील तर खाली टाका, मी खरंच ऐकतो. पण "४३२ हर्ट्झ, सात चक्रं, गाढ झोप" असलं काही पाठवू नका. आणि पावसाच्या आवाजावर बासरी तर मुळीच नको. चार जणांनी आधीच पाठवलीय.