आत्या आणि हेराक्लिस

घरात पुरातत्त्वज्ञ नसला तरी चालतो, आत्या असली की पुरे.

माळ्यावरच्या ट्रंकेतून बशीएवढी पितळी चकती निघाली. कडेला खिळ्यांची भोकं. कधीकाळी एखाद्या विलायती कपाटावर ठोकलेली असावी. मधोमध गुटगुटीत उघडं बाळ, दोन्ही मुठींत एकेक साप. मी भिंग शोधेपर्यंत आत्याने ती चिंचेने घासली. बाळाचे बारीक कुरळे केस होते नव्हते ते मोरीत गेले.

"कालियामर्दन," आत्याने निकाल दिला.

"अगं, कालिया एकच. इथे दोन साप आहेत. आणि हा नाचत नाहीये, गळे आवळतोय."

"लहान आहे अजून. नाचेल."

भाच्याने फोटो काढून फोनला विचारलं. फोनने आधी तवे दाखवले, मग लंगोट. शेजारच्या काकांनी चकती हातात तोलून मोडीचा भाव सांगितला.

हा ग्रीकांचा महाबली वीर हेराक्लिस. देवांचा राजा झ्यूस याचं बाहेरचं मूल, म्हणून चिडलेल्या त्याच्या बायकोने, हेराने, पाळण्यात दोन साप सोडले. कडेला दुसरं एक बाळ भोकाड पसरून बसलंय, तो जुळा भाऊ इफिक्लीस. पक्की खूण तीच, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात त्याच्यावर बोट ठेवलं.

"बलराम!" आत्या. "आणि साप कुणी पाठवले म्हणालास?"

"सावत्र आईने."

"म्हणजे पूतनाच की."

मी कोल्हापूरचा दाखला काढला. ब्रह्मपुरीच्या उत्खननात १९४४-४५ च्या सुमारास ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. टाउन हॉल संग्रहालयात आहे. "त्याची खूण त्रिशूळ," एवढंच म्हणालो आणि जीभ चावली. आत्याने लगेच हात जोडले. "हर हर महादेव."

हसायचीही सोय नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला मेगस्थनीस लिहून गेलाय की मथुरेकडचे शूरसेन लोक हेराक्लिसला भजतात. तो कृष्णच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ग्रीक राजा सेल्यूकसच्या या राजदूताने तेवीसशे वर्षांपूर्वी जे केलं, तेच आत्या उलट्या बाजूने करत होती, आणि तिला दरबारचा पगारही नव्हता.

चकती आता देव्हाऱ्यात असते. गोकुळाष्टमीला तिला लोणी आणि सुंठवडा मिळाला. ग्रीक विनोदी नाटकांत हेराक्लिस खादाड म्हणूनच गाजलेला, तेव्हा त्याची काही तक्रार नसावी. इफिक्लीसला मात्र आत्या दुसरा चमचा देत नाही. रडका आहे म्हणते.